विश्लेषण : थंडीत सायकलने कामावर जाताना… दिवा कोणता, कपडे किती?

डिसेंबर-जानेवारीत पहाटेची पाळी गाठणारे कामगार, पेपर आणि दूध टाकणारे, सकाळच्या शाळेची मुले आणि आता हौसेने सायकलकडे वळलेले नोकरदार असे सगळेच अंधारात आणि गारठ्यात रस्त्यावर असतात. बाजारात दोनशे रुपयांपासून दहा हजारांपर्यंतचे दिवे आहेत आणि ‘विंटर सायकलिंग’च्या नावाखाली महागडे कपडेही. यातले खरोखर लागते काय, आणि कशावाचून अडत नाही?

हिवाळ्यात नेमके काय बदलते?

पुण्यात जानेवारीच्या मध्यावर सूर्य सात वाजून आठ-दहा मिनिटांनी उगवतो. त्याआधी साधारण वीस-पंचवीस मिनिटे झुंजुमुंजू असते. म्हणजे पावणेसातच्या आधी जो घराबाहेर पडतो तो अंधारातच पडतो. भोसरी, चाकण, रांजणगावच्या कारखान्यांत सातची पाळी धरायची तर कामगाराचा जवळपास सगळा प्रवास काळोखात होतो. संध्याकाळी उलट. नोव्हेंबरअखेरीस पुण्यात सहाच्या आतच सूर्य मावळतो, नागपुरात तर डिसेंबरच्या सुरुवातीला साडेपाचलाच. जो माणूस मे महिन्यात दोन्ही वेळा उजेडात सायकल चालवत होता, तोच माणूस त्याच वेळेला, त्याच रस्त्यावरून डिसेंबरमध्ये अंधारात जातो. सवयीच्या रस्त्यावर हे चटकन लक्षात येत नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अहवालांत दरवर्षी सर्वाधिक अपघात संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत नोंदले जातात. एकूण अपघातांपैकी साधारण एक-पंचमांश या तीन तासांतले असतात. हा आकडा सर्व वाहनांचा आणि सर्व ऋतूंचा आहे. हिवाळ्यात मात्र ही वेळ पूर्ण अंधारात येते. नदीकाठी आणि मोकळ्या रानात धुके असते. पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाड्यात याच दिवसांत उसाचा गाळप हंगाम जोरात असतो आणि मागे दिवा वा रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या रस्त्यावर असतात. त्यांना रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा दरवर्षी होतात. सायकलला मात्र कुणी विचारत नाही.

दिवा पाहण्यासाठी की दिसण्यासाठी?

खरेदीला जाण्याआधी स्वतःला विचारायचा हा पहिला प्रश्न. सायकलचा दिवा दोन वेगळी कामे करतो. एक, आपल्याला रस्ता दाखवणे. दोन, आपण आहोत हे इतरांना दाखवणे. लक्ष्मी रस्ता, सेनापती बापट रस्ता किंवा नाशिकचा कॉलेज रोड अशा दिव्यांच्या रस्त्यांवर पहिले काम पालिकेचे खांब बऱ्यापैकी करतात. तिथे दुसरे काम महत्त्वाचे, आणि त्यासाठी पुढे शंभर-दोनशे ल्युमेनचा दिवा पुरतो. उलट मांजरी, पिरंगुट, सोमाटणे अशा बाजूंना दिवे नसलेल्या पट्ट्यांतून जायचे तर खड्डा, गतिरोधक आणि रस्त्यावर पडलेली खडी दिसायला हवी. तिथे ३०० ते ५०० ल्युमेन लागतात. ८००-१,००० च्या वरचे दिवे मुळात जंगलातल्या पायवाटांवर चालवणाऱ्यांसाठी असतात. रोजच्या रस्त्यावर त्यांचा उपयोग कमी आणि समोरच्याला त्रास जास्त.

किती लांबचे दिसले पाहिजे, हे वेगावरून काढता येते. ताशी २० किलोमीटरने जाणारी सायकल सेकंदाला साडेपाच मीटर जाते. खड्डा दिसून मेंदूने ब्रेक दाबायला सांगेपर्यंत दीड सेकंद गेला, तर आठ मीटर तिथेच संपले. ब्रेक लागून थांबेपर्यंत आणखी चारेक मीटर. म्हणजे १२ मीटर. दिव्याने निदान १५ मीटरपर्यंतचा रस्ता स्वच्छ दाखवला पाहिजे. उतारावर वेग तिशीत गेला की हा हिशेब दुपटीच्या आसपास जातो.

हाच हिशेब मागून येणाऱ्या गाडीला लावून पाहा. ताशी ६० किलोमीटरच्या मोटारीला दीड सेकंदात २५ मीटर आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी वीसेक मीटर लागतात. म्हणजे चालकाने आपल्याला ४५ मीटर अलीकडून पाहिलेच नाही, तर त्याची इच्छा असूनही तो थांबू शकत नाही. डिपरवर चालणाऱ्या मोटारीच्या उजेडात गडद कपड्यातला माणूस बहुतेक वेळा याहून जवळ आल्यावरच दिसतो. त्यामुळे दोन दिव्यांपैकी एकच परवडत असेल तर कोणता घ्यावा, याचे उत्तर आमच्या मते मागचा लाल दिवा हेच आहे. दिव्यांच्या रस्त्यावरून जाणाऱ्यासाठी तर नक्कीच.

खोक्यावरच्या ल्युमेनवर विश्वास ठेवावा का?

ल्युमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण उजेड. तो कुठे पडतो हे ल्युमेन सांगत नाही. विजेरीसारखा गोल झोत टाकणाऱ्या ५०० ल्युमेनच्या दिव्याचा अर्धा उजेड झाडांच्या शेंड्यांवर आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. तोच उजेड वरून कापून रस्त्यावर वळवला तर २०० ल्युमेनमध्येही जास्त दिसते. मोटारीच्या डिपरला वरच्या बाजूने जशी सरळ रेघ असते, तशी रेघ असलेले सायकलचे दिवेही मिळतात. जर्मनीत सायकलच्या पुढच्या दिव्याला असा कापलेला झोत बंधनकारक आहे. त्यामुळे तिथले दिवे ल्युमेनऐवजी लक्समध्ये, म्हणजे ठरावीक अंतरावर रस्त्यावर प्रत्यक्ष किती उजेड पडतो त्यात मोजून विकले जातात. आपल्याकडे असे दिवे थोडे महाग आणि शोधावे लागतात, पण अंधाऱ्या रस्त्याने रोज जाणाऱ्याने शोधावेत.

आता बॅटरी. चार्ज होणाऱ्या बहुतेक दिव्यांत लिथियम-आयन सेल असतो. त्यातला सर्वात प्रचलित म्हणजे ‘१८६५०’ आकाराचा, करंगळीएवढा लांब आणि अंगठ्याएवढा जाड. चांगल्या सेलची क्षमता २,००० ते ३,५०० मिलिॲम्पिअर-तास असते. त्याच आकाराच्या सेलवर ‘९,९०० एमएएच’ छापलेले दिसले तर तो सेल परत ठेवून द्यावा. एवढी क्षमता त्या आकारात बसतच नाही. दिव्याचा दावाही असाच तपासता येतो. २,६०० मिलिॲम्पिअर-तास गुणिले ३.६ व्होल्ट म्हणजे सुमारे नऊ वॉट-तास ऊर्जा. एलईडी एका वॉटमागे ढोबळमानाने शंभर ल्युमेन देतो असे धरा. मग ३०० ल्युमेनसाठी तीन वॉट आणि दिवा चालेल अडीच ते तीन तास. एकाच सेलवर ‘१,००० ल्युमेन, ६ तास’ असा दावा खोक्यावर असेल तर त्याला साठ वॉट-तास लागतील. ते येणार कुठून?

इथे आणखी एक गोम आहे. विजेऱ्यांसाठीच्या अमेरिकी मानकात दिवा किती तास चालतो हे मोजताना उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ धरतात. त्यामुळे प्रामाणिक कंपनीचा ‘चार तास’ म्हणजेही चार तास सारखाच उजेड असे नाही. रोजचा जाऊन-येऊन एक तासाचा प्रवास असेल तर मधल्या पातळीवर किमान तीन तास चालणारा दिवा घ्यावा, म्हणजे एखाद्या रात्री चार्जिंगला लावायचे राहिले तरी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अंधारात अडकायची वेळ येत नाही. कडाक्याच्या थंडीत सेलची क्षमता थोडी घटते, पण महाराष्ट्रातल्या थंडीत त्याची फार चिंता नको. शून्याखाली लिथियम सेल चार्ज करू नये, हा नियम लेह-लडाखच्या मोहिमेला निघणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवावा.

पाण्यासाठीचे रेटिंग पाहावे. ‘आयपीएक्स-४’ म्हणजे सगळीकडून उडणारे शिंतोडे सोसणारा, ‘आयपीएक्स-७’ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकणारा. हिवाळ्यापुरते पहिले पुरते. पण तोच दिवा जुलैतही वापरायचा असतो.

डायनॅमो आठवतो का?

चाळिशीच्या पुढच्या वाचकांना टायरला घासून ‘घुर्रर्र’ करणारा बाटलीसारखा डायनॅमो आठवत असेल. सहा व्होल्ट, तीन वॉट. चाक जड व्हायचे, सायकल थांबली की दिवाही विझायचा. म्हणजे चौकात, जिथे दिसण्याची सर्वाधिक गरज, तिथेच अंधार. विनादिव्याची सायकल पोलिसाने अडवणे आणि चाकातली हवा सोडणे हा तेव्हाच्या पुण्यातला नेहमीचा प्रसंग होता. आजचे डायनॅमो चाकाच्या तुंब्यात बसतात, जवळपास जाणवत नाहीत आणि एलईडीमुळे त्याच तीन वॉटमध्ये कितीतरी जास्त उजेड देतात. सायकल थांबल्यावरही काही मिनिटे दिवा चालू राहील अशी सोय त्यांत असते. महाग आहेत, चाक नव्याने बांधून घ्यावे लागते. पण चार्जिंगची कटकट कायमची संपते. युरोपात रोज सायकल वापरणाऱ्यांत ते लोकप्रिय आहेत. आपल्याकडे अजून हौशी मंडळींपुरतेच.

लुकलुकता दिवा चांगला की स्थिर?

यावर सायकलस्वारांत कायम वाद असतो. लुकलुकणारा दिवा लवकर लक्ष वेधतो हे खरे. पण तो किती दूर आहे आणि किती वेगाने जातो आहे, याचा अंदाज त्यावरून बांधणे कठीण जाते. देशोदेशीचे कायदेही यात एकमताचे नाहीत. ब्रिटनने २००५ पासून मिनिटाला ६० ते २४० वेळा लुकलुकणारे दिवे चालवून घेतले. जर्मनीत पुढचा-मागचा दिवा स्थिरच हवा.

मधला मार्ग सोपा आहे. दिवसा आणि झुंजुमुंजूच्या वेळी मागचा दिवा लुकलुकता ठेवावा, अंधार पडला की स्थिर. दोन लाल दिवे असतील तर एक स्थिर आणि एक लुकलुकता. पुढचा पांढरा दिवा मात्र अंधारात कधीही लुकलुकता ठेवू नये. पुण्यातल्या सायकल ट्रॅकवर आणि नदीकाठच्या रस्त्यांवर समोरासमोर येणाऱ्या दोन सायकलस्वारांनी एकमेकांचे डोळे दिपवणे आता रोजचे झाले आहे. त्यात रस्ता न दिसल्याने पडणारा समोरचा असतो.

दिवसाही दिवा लावून फायदा होतो का, याचा एक मोठा प्रयोग डेन्मार्कमधल्या ओडेन्स शहरात २००४-०५ मध्ये झाला. सुमारे ३,८०० सायकलस्वारांपैकी निम्म्यांच्या सायकलींना चाकातल्या चुंबकावर कायम चालणारे दिवे बसवले. वर्षभरात त्यांच्या गटात इजा झालेल्या अपघातांचे प्रमाण दुसऱ्या गटापेक्षा १९ टक्क्यांनी कमी निघाले.

दिवा बसवताना कोणत्या चुका होतात?

चांगला दिवा घेऊन तो वाया घालवण्याचे प्रकार बरेच आहेत. मागचा दिवा सीटखालच्या दांड्यावर लावला आणि त्यावर जाकिटाचा घोळ आला, की मागून काहीच दिसत नाही. कॅरिअरवर डबा, दुधाची कॅन किंवा पेपरचा गठ्ठा असेल तर दिवा कॅरिअरच्या मागच्या टोकाला किंवा मडगार्डवर हवा. पाठीवरच्या सॅकला अडकवलेला दिवा डुलतो आणि बहुतेक वेळा आकाशाकडे पाहतो. एकदा सायकल स्टँडवर उभी करून, सगळे सामान नेहमीसारखे लादून, कुणाला तरी बसवून पन्नास पावले मागे जाऊन पाहावे. पाच मिनिटांचे काम आहे, पण ते फार थोडे करतात.

पुढच्या दिव्याचा कोन भिंतीवर तपासता येतो. सायकल भिंतीपासून पाच मीटरवर उभी करा. झोताचा मधला, सर्वात प्रखर भाग भिंतीवर दिव्याच्या उंचीच्या निम्म्यावर पडला, तर रस्त्यावर तो दहा मीटरवर पडणार. थोडे आणखी लांबचे हवे असेल तर किंचित वर घ्या. दिव्याच्याच उंचीला किंवा वर पडत असेल, तर तो दिवा रस्त्यासाठी नाही, समोरच्याच्या डोळ्यांसाठी लावला आहे असे समजा.

बाजूने दिसण्याचा विचार तर जवळपास कुणीच करत नाही. गल्लीतून मुख्य रस्त्यावर येणाऱ्या रिक्षाला आपला पुढचा दिवाही दिसत नाही आणि मागचाही. चाकाच्या आऱ्यांना लावलेले रिफ्लेक्टर, टायरच्या कडेची चकाकती पट्टी, फ्रेमच्या दोन्ही बाजूंना चिकटवलेली रिफ्लेक्टिव्ह टेप हे उपाय तिथे काही प्रमाणात उपयोगी पडतात.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कक्षेत माणसाच्या पायाने चालणारी सायकल येत नाही. त्यामुळे मोटारसायकलला जसे दिव्याचे निकष आहेत तसे सायकलला नाहीत. पोलीस कायद्याखालचे जुने वाहतूक नियम आहेत, पण विनादिव्याची सायकल म्हणून आता कुणाला अडवलेले ऐकिवात नाही. केंद्र सरकारने २०२० मध्ये सायकलींच्या रिफ्लेक्टरसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला, तो उत्पादकांसाठी आहे. नवी सायकल दुकानातून येते ती पुढे पांढरा, मागे लाल, पॅडलला पिवळे असे रिफ्लेक्टर घेऊन. ‘स्पोर्टी’ दिसावी म्हणून मुले पहिल्या आठवड्यात ते काढून टाकतात. पॅडलचे तरी काढू नयेत, त्याचे कारण पुढे येते. दिवा मात्र सायकलबरोबर क्वचितच मिळतो. मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली दिल्या जातात. ती योजना चांगली आहे. पण हिवाळ्यात सकाळच्या शाळेला निघणाऱ्या मुलीच्या सायकलला दिवा का नसावा, हा प्रश्न विचारायला हवा.

फ्लुरोसंट जाकीट रात्री चमकते का?

नाही. याबाबत फार मोठा गैरसमज आहे. फ्लुरोसंट पोपटी किंवा नारिंगी रंग सूर्यप्रकाशातली अतिनील किरणे शोषून ती दृश्य उजेडात परत देतो, म्हणून दिवसा डोळ्यांत भरतो. डेन्मार्कमध्येच सुमारे ६,८०० सायकलस्वारांवर झालेल्या अभ्यासात पिवळे जाकीट घालणाऱ्यांना इतर वाहनांशी झालेल्या टकरींत इजा होण्याचे प्रमाण ३८ टक्क्यांनी कमी दिसले. पण रात्री रस्त्यावरच्या दिव्यांत वा हेडलाइटमध्ये अतिनील किरणे जवळपास नसतात. तिथे तो रंग साध्या फिकट कापडासारखाच. रात्री कामाला येते ती करड्या-चंदेरी रंगाची रिफ्लेक्टिव्ह पट्टी. ती पडलेला उजेड आला त्याच दिशेने परत पाठवते, म्हणून चालकाला लख्ख दिसते.

पट्टी कुठे असावी, यावर ऑस्ट्रेलियात २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. बंद रस्त्यावर रात्री चालकांना गाडी चालवायला लावून, सायकलस्वार ओळखू आला की सांगा, असे सांगितले होते. काळ्या कपड्यातले सायकलस्वार २ टक्के वेळाच ओळखू आले. फ्लुरोसंट जाकिटातले १५ टक्के, रिफ्लेक्टिव्ह जाकिटातले ५० टक्के. पण त्याच जाकिटाला घोटा आणि गुडघ्यावर रिफ्लेक्टिव्ह पट्ट्यांची जोड दिल्यावर हे प्रमाण ९० टक्क्यांवर गेले. वयस्कर चालकांना तरुणांपेक्षा कमी सायकलस्वार ओळखता आले, हेही त्यातच दिसले.

असे का होते? माणसाच्या सांध्यांवर फक्त ठिपके लावून अंधारात चालायला लावले, तरी पाहणाऱ्याला क्षणात ‘हा माणूस आहे’ हे कळते, हे स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी १९७३ मध्ये दाखवले होते. वरखाली होणारे दोन ठिपके दिसले की मेंदू ‘पाय, पॅडल, सायकल’ हे विचार न करता ओळखतो. स्थिर चमकणारा ठिपका मैलाचा दगडही असू शकतो. पॅडलचे पिवळे रिफ्लेक्टर काढू नयेत ते यासाठी. आणि जुने पुणेकर विजार चेनमध्ये अडकू नये म्हणून घोट्याला लोखंडी क्लिप लावत, तिच्या जागी वेल्क्रोचा रिफ्लेक्टिव्ह पट्टा लावला की दोन्ही कामे होतात.

रिफ्लेक्टर हा दिव्याला पर्याय मात्र नाही. ज्याचा हेडलाइट बंद आहे किंवा ज्याचा झोत आपल्यावर पडतच नाही, त्याच्यासाठी रिफ्लेक्टर असून नसल्यासारखा.

सायकलवर जास्त थंडी का वाजते?

पुण्याच्या किमान तापमानाचा विक्रम १.७ अंश सेल्सिअसचा, १७ जानेवारी १९३५ चा. एरवी पुण्यातली थंडी म्हणजे ८ ते १४ अंश. तीही सगळीकडे सारखी नसते. मगरपट्टा, कोरेगाव पार्कात घराबाहेर पडताना हवा सुखद वाटते आणि पाषाण किंवा एनडीएच्या बाजूला पोहोचेपर्यंत हुडहुडी भरते. या केंद्रांच्या नोंदींत एकाच पहाटे चार-पाच अंशांचा फरक नेहमी दिसतो. निफाडकरांना तर पाच अंशांखालचा पारा नवा नाही.

त्यात वाऱ्याची भर. स्थिर हवेतही ताशी २० किलोमीटरने सायकल चालवणारा माणूस तेवढ्या वेगाचा वारा स्वतःच तयार करतो. हवामानशास्त्रातल्या सूत्रानुसार १० अंशांत असा वारा लागला तर उघड्या चेहऱ्याला ७ अंशांसारखी थंडी जाणवते. पाच अंश असतील तर एक अंशासारखी.

दुसरी बाजू अशी की शरीर आतून तापत असते. पायांनी पॅडलला जेवढी शक्ती दिली जाते, त्याच्या तिप्पट-चौपट उष्णता शरीरात तयार होते. साधारण वेगात ती अडीचशे-तीनशे वॉट भरते, म्हणजे शंभर वॉटचे जुने तीन बल्ब छातीत पेटल्यासारखे. म्हणून घरातून निघताना जो पूर्ण उबदार असतो, तो दहा मिनिटांत घामाघूम होतो. मग चांदणी चौकाचा चढ संपून कोथरूडकडे उतार लागला, की त्याच घामावर वारा बसतो आणि कापरे भरते. सायकलवरची थंडी बहुतांशी घामाची असते. निघताना थोडे गार वाटले पाहिजे, हा नियम त्यातूनच आला.

मग अंगात काय घालावे?

एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा दोन पातळ थर बरे. आत अंगालगत घाम ओढून घेऊन बाहेर टाकणारा कृत्रिम धाग्याचा टी-शर्ट, तोच जो क्रीडा साहित्याच्या दुकानात स्वस्तात मिळतो. सुती बनियन घाम धरून ठेवते, लवकर वाळत नाही, आणि ओले कापड अंगाला चिकटले की थंडी दुप्पट. एरवी सुताला तोड नाही, पण इथे नको. बारा-चौदा अंशांपर्यंत त्यावर वारा अडवणारे पातळ विंडचीटर एवढे पुरे. त्याखाली पारा गेला तर मधे पातळ फ्लीस किंवा लोकरीचा बिनबाह्यांचा स्वेटर. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के ओलावा ओलसर न वाटता पोटात घेते, म्हणून आजीने विणलेला जुना स्वेटर आजही उत्तम काम देतो. फक्त त्यावर वारा अडवणारे काही हवे. विंडचीटरला पुढे चेन हवीच. चढावर ती उघडून उष्णता सोडता येते. रेनकोट विंडचीटर म्हणून वापरू नये, आत वाफ कोंडते.

विंडचीटर विसरलात आणि उतार समोर आहे? शर्टाच्या आत छातीवर वर्तमानपत्राची चार पाने सरकवा. आल्प्सचे घाट उतरताना व्यावसायिक सायकलपटू वर्षानुवर्षे हेच करत आले आहेत. कागदाच्या थरांत अडकलेली हवा वारा अडवते. ई-पेपर वाचणाऱ्यांची इथे गैरसोय आहे, हे मान्य.

हात, कान आणि पाय यांकडे छातीपेक्षा जास्त लक्ष द्यावे. ते काम करत नाहीत, तापत नाहीत, पण वारा पहिल्यांदा त्यांनाच लागतो. बोटे बधिर झाली की ब्रेक उशिरा आणि अर्धवट लागतो, त्यामुळे हातमोजे ही चैन नाही. जाड लोकरीचे मोजे ब्रेकच्या लिव्हरवरून घसरतात. पातळ, पूर्ण बोटांचे, तळव्याला रबराची पकड असलेले मोजे घ्यावेत. कानांना हेल्मेटच्या आत मावणारी पातळ टोपी किंवा कपाळपट्टी. जाड माकडटोपीवर हेल्मेट नीट बसत नाही, मान वळवून मागे पाहताना ती डोळ्यांवर येते आणि मागून येणाऱ्या गाडीचा आवाजही दबतो. बुटांत दोन-दोन पायमोजे कोंबले तर रक्तप्रवाह आवळला जाऊन पाय उलट गार पडतात. डोळ्यांतून पाणी येत असेल तर पांढऱ्या काचेचा साधा चष्मा. अंधारात गॉगल नको.

मफलर, ओढणी आणि पदर यांबद्दल कळकळीने सांगावेसे वाटते. सुटे टोक मागच्या चाकात गेले, की पुढचे सगळे एका सेकंदात होते. थंडीत शाल पांघरून सायकलवर जाणाऱ्या बायका आणि मफलरचे टोक पाठीवर सोडलेली मुले रोज दिसतात. मफलरऐवजी गळ्यात डोक्यावरून घालायची गोल पट्टी घ्यावी. ओढणी आडवी घेऊन कमरेला गाठ मारून त्यावर जाकीट घालावे. साडी नेसून सायकल चालवणाऱ्यांनी मागच्या चाकाला जाळी बसवून घ्यावी. जुन्या लेडीज सायकलींना ती असायचीच, कोणत्याही सायकलवाल्याकडे बसवून मिळते.

पैसे थोडेच असतील तर?

रोजंदारीवर जाणाऱ्या, रात्रपाळीच्या सुरक्षारक्षकाला पाच हजारांचा दिवा सुचवण्यात अर्थ नाही. त्याने क्रम असा लावावा. आधी रिफ्लेक्टिव्ह टेप. शंभरेक रुपयांत मिळणारी टेप मागच्या मडगार्डला लाल, पुढे पांढरी, पॅडलच्या कडांना आणि बुटाच्या टाचेला चिकटवता येते. मग दोन-तीनशे रुपयांचा मागचा लाल दिवा. त्यानंतर पुढचा. बटन सेलवर चालणारे चिमुकले सिलिकॉनचे दिवे स्वस्त दिसतात, पण सेल बदलण्यातच त्यांची किंमत वसूल होते, त्यापेक्षा मोबाइलच्या चार्जरवर चालणारा घ्यावा. कपड्यांवर वेगळा खर्च करायची गरज नाही. घरातला फिकट रंगाचा स्वेटर वर, गडद जाकीट आत, एवढी अदलाबदल केली तरी मागच्याला काही मीटर आधी दिसायला मदत होते.

दिवा कामाच्या ठिकाणी सायकलवर ठेवू नये. रबराच्या पट्ट्याने बसणारे दिवे एका झटक्यात निघतात, ही सोय चोरालाही तितकीच. काढून डब्याच्या पिशवीत टाकावा, आणि संध्याकाळी पुन्हा लावायला विसरू नये म्हणून सायकलची किल्ली त्याच पट्ट्यात अडकवावी.